बास्केटबॉलला चूलबंद आवतन

बास्केटबॉलमधल्या मला दोनच गोष्टी कळतात. चेंडू वरच्या कड्यातून खाली पडला की चांगलं, आणि पंचानं शिट्टी वाजवली की कुणाचं तरी चुकलं. तिसरी गोष्ट समजून घ्यायचा मी एकदा प्रयत्न केला होता, पण माझी नात अपेक्षा म्हणाली, "आजोबा, राहू द्या." म्हणून राहू दिली. तेव्हा पुढं जे सांगतो त्यात खेळ कमी आणि फजिती जास्त निघाली तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

अपेक्षा आमच्या पडेगावातल्या एका लहान महिला महाविद्यालयात शिकते. त्या कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ आहे. संघ म्हणजे सात पोरी, त्यातली एक कायम आजारी. विभागीय स्पर्धेत त्यांची गाठ दरवर्षी शहरातल्या मोठ्या कॉलेजशी पडते. तिथल्या पोरी उंच, त्यांना कोच वेगळा, फिजिओ वेगळा, आणि पाण्याच्या बाटल्यासुद्धा सगळ्यांच्या एका रंगाच्या. मागच्या वर्षी त्यांनी सत्तर गुण केले आणि आमच्या पोरींनी अकरा. घरी येऊन अपेक्षा म्हणाली होती, "अकरातले सात माझे." तिच्या आजीनं तेवढ्यावर शिरा केला होता.

अपेक्षाची आजी प्रत्येक मॅचला जायची. मी तिला गाडीवरून सोडायचो आणि मॅच संपली की न्यायला जायचो. बघायला आलेलं माणूस म्हणजे ती एकटीच. सिमेंटच्या पायऱ्यांवर छत्री उघडून बसायची आणि पोरी हरोत की जिंकोत, सारख्याच जोरानं ओरडायची. मागच्या श्रावणात ती गेली. यंदा मॅच आली तेव्हा पायऱ्या तशाच होत्या, बसायला कुणी नव्हतं.

मॅचला पंधरवडा राहिला असताना अपेक्षा घरी आली ती दप्तर फेकूनच. म्हणाली, "ही शेवटची मॅच. नंतर कोर्ट मोडून तिथं टू-व्हीलरचं शेड करणार आहेत. प्राचार्य सर म्हणाले."

मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. एखादी गोष्ट ऐकली की जागेवर जाऊन बघायची, ही खात्याची सवय. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. प्राचार्य राजेंद्र सर माणूस वाईट नाही. त्यांनी चहा मागवला, नकाशा दाखवला, शेडला किती गाड्या बसतील ते सांगितलं.

"पण पोरी खेळतात तिथं," मी म्हणालो.

"काका, खेळतात, पण बघतं कोण? सात मुली खेळतात आणि आठशे मुली गाडी कुठं लावायची म्हणून भांडतात. बघायला एक तुमच्या घरच्या लीलाबाई यायच्या, त्या पण आता..." सरांनी चहा माझ्याकडं सरकवला.

चहा मी प्यायलो नाही. तेवढा मान मला आहे. म्हणालो, "माणसं मी आणतो."

"किती आणाल?"

"पायऱ्या भरतील एवढी. खालून वरपर्यंत."

सर हसले, पण शब्दाला पक्के. म्हणाले, "मॅच संपेपर्यंत पायऱ्या भरलेल्या राहिल्या तर शेड गेटजवळ करू. नाहीतर कोर्टवर."

बाहेर आल्यावर मी पायऱ्या नीट पाहिल्या. आपण बोलून बसतो तेव्हा पायऱ्या एवढ्या लांब दिसत नाहीत.

आमचे शेजारी इंद्रजीत हे सल्ला देण्याच्या कामातून कधीच निवृत्त झालेले नाहीत. त्यांना न सांगता काही करावं म्हटलं तर भिंत एकच आहे. ते म्हणाले, "काकासाहेब, फ्लेक्स लावा. फ्लेक्सशिवाय या शहरात माणूस मान वर करून बघत नाही."

फ्लेक्स करायला टाकला. फ्लेक्सवाल्याला सांगितलं, पोरींचा फोटो मोठा घाल, तारीख घाल, 'अवश्य या' घाल. पण त्याचा हात वर्षानुवर्षं एकाच वळणानं गेलेला. ज्यानं फ्लेक्स सांगितला त्याचा फोटो मधे मोठा, बाकीच्यांची तोंडं खाली गोल टिकल्यांसारखी. माझा फोटो त्यानं सोमनाथकडून, म्हणजे माझ्या मुलाकडून, मागवून घेतला. सोमनाथनं पांढऱ्या सदऱ्यातला, हात जोडलेला पाठवला. फ्लेक्स चौकात लागला आणि संध्याकाळी दौलताबाद रोडवरचे दोन ओळखीचे तोंड पाडून घरी आले. दार मीच उघडलं. ते माझ्याकडं बघत राहिले. एक जण म्हणाला, "काका, तुम्ही... बरे आहात ना?" दुसरा मात्र सरळ माणूस. तो म्हणाला, "आम्ही सोमनाथला भेटायला आलतो, पण आता कशाला." चहा घेऊन गेले. इंद्रजीतांनी दुसऱ्या दिवशी शिडी लावून स्वतः फ्लेक्स उतरवला आणि वर मलाच म्हणाले, "फोटो निवडताना विचार करावा लागतो."

मग त्यांनी लाउडस्पीकर सुचवला. त्याची परवानगी काढायला ठाण्यात गेलो. समोरच्या हवालदारानं विचारलं, "कार्यक्रम कसला? धार्मिक, राजकीय का कौटुंबिक?"

"खेळ आहे. बास्केटबॉल."

"खेळ यात नाही."

इंद्रजीत बरोबर होतेच. म्हणाले, "कौटुंबिक टाका. नात खेळते म्हणजे कौटुंबिकच."

हवालदारानं टाकलं. मग मान वर न करता विचारलं, "वधूवरांची नावं?"

मी दोन्ही कॉलेजांची नावं सांगितली. त्यानं ती तशीच घेतली. मोठं कॉलेज वर झालं, आमचं वधू. परवानगी मिळाली.

आता एवढं करून माणसं येतील अशी माझी खात्री नव्हती. शहरात माणसाला बोलवायचं म्हणजे फोनवर अंगठा येतो, माणूस येत नाही. तेव्हा मला गाव आठवलं. आमचं गाव फर्दापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. गावात आवतन द्यायचं काम सांडूकडं. लग्न असो, बारसं असो, तेरावा असो, सांडू दारोदार फिरून सांगणार आणि त्यानं सांगितलं की माणूस येणारच. मी सांडूला फोन लावला.

"सांडू, येत्या रविवारी पडेगावला यायचं. अपेक्षाची मॅच आहे."

"किती लोकांला सांगू, काका? घरटी एक?"

"घरटी एक नको. सगळं घर येऊ दे. म्हातारी-कोतारी, लेकरंबाळं, कुणाला मागं ठेवू नको."

सांडूनं पुन्हा विचारलं, "सगळं घर? पक्कं?"

"पक्कं."

"बरं हाय मग. लई वर्षांत कुणी दिलं नव्हतं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याचं हे शेवटचं वाक्य ऐकून मला तिथंच समजायला हवं होतं. पण तीस वर्षं शहरात राहिलं की डोक्याचा तो भाग वाळून जातो. मी खुशीत झोपलो.

शनिवारी सकाळी फोन आला मनकर्णाबाईचा. मनकर्णाबाई माझी थोरली बहीण. लग्न गावातच झालं, त्यामुळं गाव तिच्या ताब्यात असतं.

"काकासाहेब, पंगतीला काय धरलंस? पुरी-बुंदी का वरण-बट्टी?"

"कसली पंगत, आक्का?"

"आवतनाची. सांडू गावभर चूलबंद देऊन बसलाय."

मी पलंगावर बसलो. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं आवतनाच्या दोन जाती. घरटी एक, म्हणजे घरातल्या एकानं जेवून जायचं. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही. घरातलं झाडून सगळं माणूस बोलावणाऱ्याच्या दारी जेवणार. गडगंज माणूस आयुष्यात एखाद्या वेळी देतो. आणि 'सगळं घर येऊ दे, कुणाला मागं ठेवू नको' हे चूलबंदाचेच शब्द आहेत. मी प्रेक्षक बोलावत होतो. सांडूनं पंगत बोलावली होती. चूक त्याची नव्हती.

"आक्का, मी खेळ बघायला बोलावलंय. जेवायला नाही."

"आता ते कसं सांगशील? लोक आज रात्रीपासून पोट रिकामं ठेवणारेत. सगळे म्हणतेत, काकासाहेबानं लीलाबाईच्या नावानं घातलंय."

दिलेलं चूलबंद मागं घेतल्याचं आमच्या गावात ऐकिवात नाही. घेतलं असतं तर मला मरेपर्यंत गाव टाळून फर्दापूरच्या पुढून फिरून यावं लागलं असतं.

"तू फक्त पीठ, डाळ अन् तूप बघ," आक्का म्हणाली. "बट्ट्या आम्ही बाया लावतो. गोवऱ्या इथूनच आणतो. शहरात तुला गोवरी कोण देणार?"

शनिवारचा दिवस शहागंजात गेला. पिठाची पोती, डाळ, वांगी, तुपाचे डबे. दुकानदारानं विचारलं, "शादी है क्या, चाचा?" मी म्हणालो, "बास्केटबॉल." त्यानं मान डोलावली, जणू बास्केटबॉलला एवढं तूप लागतंच.

रविवारी उजाडताच पहिला टेम्पो कॉलेजच्या गेटवर आला. तिथं वॉचमननं अडवलं. महिला महाविद्यालय आहे, पालक सोडून इतर पुरुषांना आत सोडायचं नाही, हा नियम. नियम चांगलाच आहे. वॉचमन एकेकाला विचारायला लागला.

"तुम्ही कोण?"

"मी अपेक्षाचा काका."

"तुम्ही?"

"मी पण काका."

पाठोपाठ सहा-सात काका, तीन मामा आणि एक आजा झाला. वॉचमन वैतागला. "एका पोरीला किती काका असतात?"

सांडू म्हणाला, "गाव लहान हाय, दादा. सगळे लागतेत."

खेळाचे शिक्षक बुद्धभूषण सर धावत आले आणि त्यांनी सगळ्यांना आत घेतलं. बुद्धभूषण सरांचा जीव या संघात अडकलेला. कोर्टच्या पांढऱ्या रेषा दरवर्षी ते स्वतः चुन्यानं मारतात. बायांनी मागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या रचलेल्या बघून त्यांचा चेहरा पडला, पण ते एवढंच म्हणाले, "काका, धूर कुणीकडं जाईल?"

धूर प्राचार्यांच्या केबिनकडं गेला. सर खोकत बाहेर आले. समोर दोन टेम्पो, तिसरा वळतोय, बायकांच्या मांडीवर बट्ट्यांचे गोळे, लेकरं कड्याच्या खांबाला लोंबकळतायत. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "काका, मी प्रेक्षक म्हणालो होतो."

"हेच ते," मी म्हणालो.

मॅच दहाला होती. मोठ्या कॉलेजची बस वेळेवर आली. पोरी उतरल्या आणि उतरतच राहिल्या, एकीपेक्षा एक उंच. त्यांची कप्तान राजनंदिनी, तिच्याकडं बघताना मनकर्णाआक्काचा पदर डोक्यावरून मागं पडला. पोरींनी सराव सुरू केला. धाडधाड चेंडू कड्यात. आमच्या पोरी कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. गाव पायऱ्यांवर बसून बघत होतं आणि टाळ्या वाजवत होतं, अर्थात त्यांनाच.

दहा वाजले, अकरा वाजले, पंच येईनात. त्यांची गाडी रस्त्यात बंद पडली होती. बट्ट्या तयार झाल्या. वरण उकळत होतं. ज्यांनी कालपासून पोट रिकामं ठेवलंय ती माणसं पायऱ्यांवरून माझ्याकडं बघायला लागली. आक्का म्हणाली, "वाढू का?"

बसवायचं कुठं? सपाट, स्वच्छ, लांब अशी जागा एकच होती. बुद्धभूषण सर काही बोलायच्या आत चुन्याच्या रेषांना धरून पंगती बसल्यासुद्धा. एवढ्या सरळ पंगती मी कुठल्याच लग्नात पाहिल्या नाहीत. सर दोन्ही हात डोक्याला लावून मधल्या गोलात उभे होते. त्यांच्या पायाजवळ कुणीतरी पत्रावळ ठेवली.

पहिली पंगत पाहुण्यांची, हा रिवाज. इथं पाहुणे म्हणजे मोठ्या कॉलेजच्या पोरी. त्यांच्या कोच सोनिया मॅडम म्हणाल्या, "नको, नको, आमच्या मुलींचा डाएट ठरलेला असतो. मॅचआधी केळं."

आक्कानं ऐकून घेतलं. म्हणाली, "व्हय, केळं पण खावा. आधी हे."

"आजी, फक्त एक," राजनंदिनी म्हणाली.

"एक? तुझ्यासारख्या ताडमाड पोरीला एक बट्टी म्हणजे हौदात लोटी. बस बाई. माझ्या वहिनीच्या नावाचं जेवण हाय, नाय म्हणू नको."

नाही म्हणणं अवघड झालं. बट्टी कुस्करायची, वर वरण, त्यावर तूप, बाजूला वांग्याची भाजी. पहिली संपेपर्यंत दुसरी पडलेली. तूप वाढणारी बाई थांब म्हटल्याशिवाय थांबत नाही, आणि तोंडात घास असताना थांब म्हणता येत नाही. सोनिया मॅडम ओरडत होत्या, "गर्ल्स, बास आता." तेवढ्यात त्यांच्याच पत्रावळीत चौथी बट्टी पडली.

वाढायला कोण होतं? यजमान. म्हणजे आमच्या सात पोरी. अपेक्षा वरणाची बादली घेऊन फिरत होती, बाकीच्या भाजी आणि पाणी. यजमानांनी शेवटी जेवायचं असतं, तेव्हा त्यांच्या तोंडात सकाळच्या चहाशिवाय काही नव्हतं. हे मी ठरवून केलं असं नंतर काहींनी म्हटलं. मी तेवढा हुशार असतो तर मुळात सांडूला फोनच नीट केला असता.

तेवढ्यात दोन्ही पंच आले, घामानं भिजलेले, उपाशी. त्यांनाही बसवलं. थोरल्या पंचांनी तर दुसऱ्या पंगतीलाही जागा सोडली नाही.

पंगती उठल्या. पोरींनी कोर्ट धुतलं, बुद्धभूषण सरांनी पोत्यांनी पुसलं आणि गुडघ्यावर बसून तुपाचा एकेक थेंब शोधला. ऊन कडक होतं, घटकेत वाळलं. आणि नेमका त्याच वेळी गाव उठून गेटकडं निघालं.

"सांडू, कुठं?"

"येतो आम्ही, काका. जेवण झ्याक झालं. जरा शहागंजात बायांना खरेदी करायचीय."

"अरे, मॅच?"

"ती अजून हाय का? सकाळी पोरी पळत व्हत्या, चेंडू घालत व्हत्या, तीच ना? त्या उंच पोरी जिंकल्या की."

मी वर बघितलं. प्राचार्य गॅलरीत उभे होते आणि रिकाम्या होत चाललेल्या पायऱ्या बघत होते. आमच्याकडं जेवण झालं की सुपारी तोंडात टाकायची आणि निघायचं. जेवून बसून राहणं म्हणजे पुन्हा जेवायची वाट बघणं. हे त्यांना मी कसं सांगणार होतो, की आज बसून राहिलात तरच माझा मान राहील?

मी काही सांगायच्या आधी गेटवरून बोंब आली. टेम्पोचा ड्रायव्हर सापडत नव्हता. मग सापडला. तो लिंबाखाली आडवा होता, तोंडावर रुमाल, किल्ली कमरेला. जेवून झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, एवढी रीत गावाला आहे. दुसऱ्या दोन टेम्पोंचे ड्रायव्हर त्याच्याच शेजारी होते. गाव हळूहळू मागं फिरलं आणि पुन्हा पायऱ्यांवर बसलं. खालून वरपर्यंत.

मी गॅलरीकडं बघून हात केला. सर खाली आले. म्हणाले, "काका, अर्धे झोपलेत. याला प्रेक्षक म्हणायचं का?"

खरं होतं. मनकर्णाआक्कासुद्धा पेंगत होती.

शिट्टी झाली.

पहिली दोन मिनिटं मला कळलंच नाही काय होतंय. मोठ्या कॉलेजच्या पोरी पळत होत्या, पण सांदीतून पाणी झिरपावं तशा. राजनंदिनीनं उडी मारली आणि ती जमिनीवर परत आली ती उडी सुरू व्हायच्या आधीच, असं वाटलं. एक पोरगी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली ती उभीच. आणि आमच्या पोरी, उपाशी, हलक्या, मधून शेळ्यांसारख्या सुटत होत्या. चेंडू कड्यात जात नव्हता तो भाग वेगळा. पण वारंवार टाकला की कधीतरी जातो. पाणीही शेवटच्या शेतापर्यंत असंच जातं.

मध्यंतराला फलकावर आमचे चौदा आणि त्यांचे बारा. बुद्धभूषण सर फलकाजवळ जाऊन आकडे बोटानं चाचपून आले.

आता पायऱ्या जाग्या झाल्या. सांडूनं शेजारच्याला कोपरानं उठवलं, त्यानं पुढच्याला. गावाला खेळ कळत नव्हता, पण कुस्ती कळते, आणि बारका गडी मोठ्याला भारी पडतोय हे बघायला नियम लागत नाहीत. एका म्हाताऱ्यानं उठून थेट कोर्टवर जाऊन अपेक्षाच्या हातात दहाची नोट ठेवली, कुस्तीच्या फडात ठेवतात तशी. पंचांनी शिट्टी वाजवली. म्हातारा म्हणाला, "शिट्टी काय वाजवतो, तू पण दे की." पंचांनी त्याला हाताला धरून नेऊन बसवलं. पंच जेवलेले होते, म्हणून हातानंच नेलं.

दुसऱ्या अर्ध्यात बट्ट्या जिरायला लागल्या. राजनंदिनी जागी झाली. तिनं लागोपाठ टाकले. आमचं पुढं असणं कमी होत गेलं, आणि माझ्या छातीत काहीतरी व्हायला लागलं. ते बट्टीचं नव्हतं, मीही जेवलो नव्हतो. प्राचार्य माझ्या शेजारी येऊन बसले होते. त्यांना कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

शेवटचं मिनिट. आमचे एकतीस, त्यांचे तीस. आमच्या पोरीचा धक्का राजनंदिनीला लागला. शिट्टी. दोन फेका मिळाल्या. सगळे बाजूला झाले आणि ती एकटी कड्यासमोर उभी राहिली.

एरवी अशा वेळी समोरचे लोक ओरडतात, तिचं चित्त उडावं म्हणून. बुद्धभूषण सरांनी पायऱ्यांना हातानं खुणाही केल्या की ओरडा. पण गावाला वाटलं, पोरीला शिक्षा झाली. सगळ्यांसमोर एकटी उभी केली म्हणून सगळे गप्प झाले. एवढी माणसं आणि लेकरूसुद्धा रडेना.

राजनंदिनीनं पहिला टाकला. गेला. एकतीस-एकतीस.

ती दुसरा टाकायला चेंडू आपटत होती, शांततेत त्याचा आवाज भिंतीवर जाऊन परत येत होता. ती एकदा पायऱ्यांकडं बघून पुन्हा कड्याकडं वळली. तेवढ्यात मनकर्णाआक्का, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मायेनं म्हणाली, "टाक बाई, भिऊ नको. नाय गेला तरी कोणी रागवायचं नाय."

त्या पोरीनं आक्काकडं बघतच टाकला. चेंडू कड्यावर आपटला, काठावर फिरला आणि बाहेर पडला. तो अपेक्षाच्या हातात आला.

ती पळाली. तिच्यापुढं कुणी नव्हतं. आणि मी उभा राहिलो, आणि ओरडलो. काय ओरडलो ते मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की आक्कानं वळून माझ्याकडं बघितलं आणि तिनंही तेच ओरडायला सुरुवात केली. मग सांडूनं, मग पायऱ्यांनी, मग गलका ऐकून गच्चीवर आलेल्या वसतिगृहाच्या पोरींनी. सगळं कॉलेज एकच नाव घेत होतं. अपेक्षानं उडी मारली.

चेंडू वरच्या कड्यातून खाली पडला. मघाशी म्हणालो तसं, हे चांगलं असतं.

तेहतीस-एकतीस. त्यानंतर शिट्टी झाली आणि या वेळी कुणाचंच चुकलेलं नव्हतं.

सोनिया मॅडम पंचांकडं गेल्या. "यांनी आमच्या मुलींना मुद्दाम खाऊ घातलं. मी तक्रार देणार आहे."

थोरले पंच ढेकर दाबत म्हणाले, "मॅडम, नियमात बट्टी नाही."

प्राचार्य पायऱ्यांकडं बघत होते. अजून कुणी उठलं नव्हतं. ते म्हणाले, "शेड गेटजवळच करू, काका. तिथं सावली पण आहे." आणि मग जरा रागानं म्हणाले, "सगळ्या जगाला आवतन दिलं, मला नाही दिलं."

मी तिथल्या तिथं त्यांना दिलं, सगळ्या घराला. त्यांनी बायकोला फोन लावला.

आमच्या पोरी शेवटच्या पंगतीला बसल्या. वरण संपलं होतं, तूप-गूळ होता. मी वाढायला वाकलो तर अपेक्षा खाली बघत हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही आजीला हाक मारत होता."

आमच्या पिढीत बायकोचं नाव कुणी घेत नाही. लग्नात घास भरवताना एकदा घेतलं होतं, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. त्यानंतर 'अगं' आणि 'ऐकलंस का' यांवर संसार झाला. आणि आज मी भर मैदानात गावासमोर, थोरल्या बहिणीसमोर, लीला, लीला म्हणून ओरडलो होतो. मला लाज वाटायला हवी होती. मी वाट बघितली, ती आली नाही.

इकडं गुण लिहिणारा मुलींची नावं परत परत तपासत होता. सोनिया मॅडमही विचारत होत्या, आमच्या संघात लीला नावाची पोरगी कोणती, तिला आधी कधी पाहिलं नाही.

राजनंदिनी बसकडं जाता जाता माझ्यापाशी आली. डोळे लाल होते, पण वाकून नमस्कार केला. म्हणाली, "आजोबा, लीला कुठली? मला तिच्याशी हात मिळवायचाय. एवढी माणसं आमच्या नावानं कधीच ओरडली नाहीत."

मी म्हणालो, "ती खेळत नाही, बाळा. बघायला येते."

"मग एखाद्या मॅचला आमच्या बाजूनं बसायला सांगा ना तिला."

"बरं," मी म्हणालो. "सांगतो."